अपर्णा टीचरचा उंट

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका मराठी माध्यमिक शाळेत अपर्णा टीचर नववी-दहावीला गणित शिकवत. नाटकाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांनी आयुष्यात दोन नाटकं पाहिली होती, आणि त्यातल्या एकात मध्यंतरानंतर त्यांना झोप लागली होती. तरीही दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, अशोक सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि कलामहोत्सवाचं परिपत्रक त्यांच्या हातात ठेवलं.

"चित्रकलेचे सर मतदारयाद्यांच्या कामाला गेलेत," अशोक सर म्हणाले. "यंदा हे तुमच्याकडे."

"पण सर, माझा विषय गणित."

"मग बरंच आहे की. नाटक पंधरा मिनिटांचं पाहिजे. सोळावं मिनिट लागलं की बाद. मोजणारं माणूस हवंच."

परिपत्रकात लिहिलं होतं की विषय 'पाणी वाचवा' असा आहे, नाटकाला आणि नाटकासाठी केलेल्या चित्र-शिल्पांना वेगवेगळी बक्षिसं आहेत, आणि सगळ्या वस्तू विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या असाव्यात. अपर्णा टीचरनी ते परिपत्रक तीनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळी लाल पेनाने अधोरेखित केल्या आणि नववीच्या वर्गात जाऊन विचारलं, "कोणाला नाटकात काम करायचंय?"

अकरा हात वर आले. त्यातले तीन या गोष्टीत महत्त्वाचे. पहिला योगेंद्र, ज्याचा आवाज शाळेच्या बाहेरच्या रिक्षास्टँडपर्यंत पोचायचा. दुसरा महेश, ज्याला नाटकात काम करायचं होतं पण कोणी आपल्याकडे बघू नये अशी त्याची अट होती. आणि तिसरी दिपाली. दिपाली कशावरही चित्र काढायची. वहीच्या समासात, बाकावर, स्वतःच्या तळहातावर. एकदा भूमितीच्या पेपरात तिने प्रमेयाच्या शेजारी अपर्णा टीचरचं नाक काढलं होतं. टीचरनी गुण कापले होते, पण घरी जाऊन आरशात नाक पाहिलं होतं आणि ते बरोबर होतं.

पाणी वाचवा म्हटल्यावर मुलांनी नेहमीच्याच गोष्टी सुचवल्या. थेंब, ढग, नदी, झाड.

योगेंद्र उभा राहिला. "टीचर, मी सातवीत थेंब होतो. आठवीत पण थेंब होतो. मी आता थेंब होणार नाही."

 शेवटी महेश खाली मान घालून म्हणाला, "उंट घ्या ना. उंटाला पाणी कमी लागतं."

तिथून नाटक सुरू झालं. चार दिवसांत मुलांनी गोष्ट रचली. एका सोसायटीत सगळे नळ गळत असतात. वाळवंटातून आलेला एक उंट वॉचमनला चुकवून आत शिरतो आणि ते वाहणारं पाणी बघून चक्कर येऊन पडतो. लोक आधी त्याला हाकलतात, मग त्याचं ऐकतात, आणि शेवटी त्याला सोसायटीचा चेअरमन करतात. योगेंद्र झाला वॉचमन. महेश उंटाच्या पोटात शिरणार होता, म्हणजे त्याला कोणी बघायचा प्रश्न नव्हता. नाटकाचं नाव 'उंट आला सोसायटीत'.

"टीचर, पण उंट खरा पाहिजे," दिपाली म्हणाली.

"खरा म्हणजे?"

"म्हणजे खरा नाही. पण खरा."

अपर्णा टीचरना हे समजलं. गणितात अशा संख्या असतात.

शाळेच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड टाकून बन्सीलाल नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे मोती नावाचा उंट होता. शनिवार-रविवारी ते त्याला डुमसच्या किनाऱ्यावर नेऊन मुलांना फेऱ्या मारून आणत. बाकीचे पाच दिवस मोती प्लॉटवर उभा असे आणि मान लांब करून शेजारच्या सोसायटीच्या कुंड्यांतली झाडं खात असे. दिपाली, महेश आणि टीचर शिवणकामाची टेप घेऊन तिथे गेले. बन्सीलालनी मोतीचं डोकं धरलं, दिपालीने माप घेतलं, टीचरनी वहीत लिहिलं. मानेची लांबी, वशिंडाचा घेर, दोन नाकपुड्यांमधलं अंतर. शेपटीकडे जाईपर्यंत मोतीने टेपचा पहिला अर्धा मीटर खाऊन टाकला, म्हणून शेपटीचं माप तेवढं अंदाजाने घेतलं.

"त्याला काही होणार नाही ना?" टीचरनी विचारलं.

"टीचरजी, त्याने गेल्या महिन्यात छत्री खाल्ली," बन्सीलाल म्हणाले.

उंट करायला सतरा दिवस लागले. सहा नंबरच्या वर्गात रोज शाळा सुटल्यावर काम चाले. पाय आणि मान कापडाच्या ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या पाइपांची. पोट बांबूच्या कामट्यांचं. मागच्या पायांना मोडक्या खुर्चीची चाकं, कारण पुढचे पाय महेशचे आणि मागचे पाय व्हायला कोणी तयार नव्हतं. वशिंड म्हणजे एक मोठी टोपली आणि तिच्यावर गच्च भरलेलं सुकं गवत. कातडीसाठी दिपालीच्या वडिलांनी डाइंग मिलमधून रंग बिघडलेला कपडा मागून आणला. कपडा मेहंदी रंगाचा व्हायला हवा होता, तो काहीतरी भलताच झाला होता. सुपरवायझर म्हणाला होता की हा रंग जगात कोणालाच नको असेल. दिपालीला तो पाहिल्याबरोबर हवा झाला.

पापण्या तिने काळ्या धाग्याच्या केल्या, एकेक धागा डिंकाने चिकटवून. खालचा ओठ फोमचा. आतून दोरी ओढली की ओठ लोंबायचा आणि उंट असा काही बघायचा की आपलंच काहीतरी चुकलंय असं समोरच्याला वाटावं. टीचरनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या नकळत म्हणाल्या, "सॉरी."

उंट पूर्ण झाला आणि त्याला बाहेर काढायची वेळ आली. तेव्हा कळलं की तो दारातून जात नाही. अपर्णा टीचरनी मोतीचं माप घेतलं होतं, स्टेजचं माप फोनवरून विचारून घेतलं होतं, पण वर्गाचं दार त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.  गणिताच्या टीचरना कोण बोलणार. शेवटी मान काढली, वशिंडाची टोपली काढली, पोट तिरकं केलं आणि उंट तुकड्यातुकड्याने व्हरांड्यात आणून परत जोडला.

व्हरांड्यात तो एकच दिवस राहिला. सहावीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत त्याच्या तोंडात थेपले, केळं आणि एक उकडलेला बटाटा कोंबला. बटाटा मानेच्या पाइपात अडकला आणि काढायला चाळीस मिनिटं लागली. अशोक सर येऊन बघून गेले.

"अपर्णाबेन, कला चांगली आहे. पण आजच्या आज हलवा."

बन्सीलाल म्हणाले, आमच्या शेडमध्ये ठेवा, मोतीला पण सोबत होईल. महोत्सव शुक्रवारी होता. मंगळवारी संध्याकाळी मुलांनी उंट ढकलत प्लॉटवर नेला आणि शेडमध्ये मोतीच्या शेजारी उभा केला. मोतीने त्याला हुंगलं, त्याच्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं आणि नमस्कार न करता पाठ फिरवली.

बुधवारी मधल्या सुट्टीत दिपाली रंगाची डबी आणि ब्रश घेऊन शेडमध्ये गेली. उंटाच्या मागच्या नखांना दुसरा हात द्यायचा राहिला होता. आत अंधुक होतं. तिने समोर दिसलेल्या पायापाशी बसकण मारली आणि एक नख अगदी सावकाश, कडेने न ओघळू देता रंगवलं. दुसऱ्या नखाला ब्रश लागला तसा पाय उचलला गेला.

दिपालीने वर पाहिलं. तो मोती होता. शेडमध्ये दुसरा उंट नव्हता.

ती धावत वर्गात आली. टीचर समोर उभ्या होत्या, पण एरवी शाळेत शुद्ध बोलणाऱ्या दिपालीच्या तोंडून घरची अहिराणीच बाहेर पडली. "टीचर, मन्हा उंट कोठे गया?"

बन्सीलालना शोधायला वेळ लागला नाही. ते प्लॉटच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"चूक झाली," ते म्हणाले, आणि जे झालं ते सांगितलं.

शेजारच्या सोसायटीने तक्रार केली होती की एक उंट आमची झाडं खातो. मोकाट जनावरं पकडणारी गाडी बाराच्या सुमाराला आली. बन्सीलालनी गाडी लांबूनच ओळखली. त्यांनी मोतीला शेडच्या आतल्या बाजूला बांधलं आणि मुलांचा उंट पुढे, उन्हात आणून उभा केला.

"मला वाटलं, ते येतील, बघतील, हसतील आणि जातील."

"मग?"

"ते हसले नाहीत, टीचरजी. ते कामाच्या घाईत होते."

गाडीबरोबर चार माणसं होती. त्यातल्या कोणी पूर्वी उंट उचललेला नव्हता. त्यांनी आधी लांबून फोटो काढला आणि तक्रारीच्या अॅपवर टाकून दिला. मग चौघांनी चारी बाजूंनी पोटाखाली हात घातले, पाय रोवले, दात आवळले आणि एकदम जोर लावला. पुठ्ठ्याचा उंट हवेत गेला आणि चौघं एकमेकांच्या अंगावर पडले. उंट जाऊन गाडीत बसला तो स्वतःहूनच, असं बन्सीलालचं म्हणणं होतं. पडलेली माणसं उठली, त्यांनी उंटाला बोटाने टोचून पाहिलं आणि आपसात थोडी चर्चा केली. फोटो तर गेला होता. तक्रार तर मिटली होती. ते उंट घेऊन निघून गेले.

अशोक सरांकडे परवानगी मागायला गेल्यावर त्यांनी परिपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. उंट सोडवायला शिक्षकांनी जावं की न जावं याबद्दल त्यात काहीच नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "जा. पण शाळेचं नाव जपून वापरा." टीचरनी दिपाली, योगेंद्र आणि महेशच्या घरी फोन करून कळवलं आणि बन्सीलालच्या ओळखीच्या टेम्पोतून पाचही जण कोंडवाड्याकडे निघाले.

कोंडवाडा शहराच्या कडेला होता. मोठं पत्र्याचं छप्पर, त्याखाली गाई, वासरं, एक म्हातारा बैल, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारी, पापण्या असलेली एक लांब मान. मुलांचा जीव भांड्यात पडला. जवळ गेल्यावर दिसलं की उंटासमोर पाण्याची बादली ठेवली आहे, चारा टाकला आहे आणि त्याच्या गळ्यात सत्तावीस नंबरची चिठ्ठी बांधली आहे.

टेबलामागे क्लार्क बसला होता. त्याच्यासमोर कॉम्प्युटर होता. टीचरनी सगळं नीट, पायऱ्या पाडून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"बेन, ए बधु बराबर," हे सगळं ठीक आहे अशी मान हलवत तो गुजरातीत म्हणाला. "पण नियम एटले नियम."

"अहो पण तो बांबूचा आहे."

"ते मला दिसतंय," क्लार्क एकदम मराठीत म्हणाला. त्याचं नाव प्रशांत बोरसे होतं आणि तो शहाद्याकडचा निघाला. "मी काय आंधळा आहे का, बेन. पण कॉम्प्युटरात तो उंट आहे. आता कॉम्प्युटरातून जनावर बाहेर काढायला दोनच खाने आहेत. 'मालकाला परत' आणि 'मृत'."

टीचरनी विचार केला. "मग मृत लिहा."

"लिहितो. पण मग डॉक्टर त्याला फाडून तपासणार आणि नंतर तो पुरायला जाणार. मृत जनावर आम्ही घरी देत नाही."

दिपालीने टीचरचा हात धरला.

"मालकाला परत लिहायचं तर?" टीचरनी विचारलं.

"तर कानात बिल्ला पाहिजे. बिल्ला मारायला डॉक्टरचा दाखला पाहिजे, की जनावर धडधाकट आहे. डॉक्टर चार वाजता येतात." त्याने दिपालीकडे पाहिलं. "गाव कोणतं तुमचं?"

"पारोळ्याकडचं," दिपाली म्हणाली.

"मग चहा घ्या," प्रशांत बोरसे म्हणाला. त्याने सगळ्यांना चहा मागवला. उंट दिला नाही.

ते चहा पीत असताना योगेंद्रने गोठ्याकडे बघून विचारलं, "टीचर, वशिंड लहान झालंय का?"

झालं होतं. दोन गाई दोन्ही बाजूंनी उभ्या राहून उंटाची पाठ खात होत्या. कापडाची शिवण उसवली होती आणि आतलं सुकं गवत त्यांना सापडलं होतं. तिसरी गाय मागे आपल्या पाळीची वाट बघत होती. दिपाली आणि बन्सीलाल धावले. गाईंना हाकलेपर्यंत अर्धं वशिंड गेलं होतं, आणि हाकलल्यावरही एक तांबडी गाय उंटापासून हलायला तयार नव्हती. ती नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला त्याच्यात बरंच काही दिसत होतं.

दिपाली रडली नाही. तिने प्रशांत बोरसेकडून सुतळी आणि गोणी शिवायची सुई मागून घेतली, उंटासमोर पडलेलाच चारा टोपलीत भरला आणि वशिंड पुन्हा शिवलं. ते थोडं डावीकडे झुकलं.

चार वाजता डॉक्टर आल्या. उषाबेन. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला कमी. त्यांनी उंटाभोवती एक फेरी मारली, सवयीने पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," दिपाली म्हणाली.

"गुडघे अगदी बरोबर आहेत. बहुतेक लोक उंटाचे गुडघे चुकवतात." मग त्या टीचरकडे वळल्या. "पण मी खोटा दाखला देत नाही. सव्वीस वर्षांत दिला नाही. याला नाडी नाही, ताप नाही, श्वास नाही. धडधाकट कसं लिहू?"

अपर्णा टीचरना त्या बाईंचा फार आदर वाटला. त्यांनीही असंच म्हटलं असतं. म्हणून त्यांनी वाद घातला नाही, उदाहरण सोडवताना विचारतात तसं विचारलं. "डॉक्टर, दाखल्यात नेमकं काय लिहिलेलं असतं?"

उषाबेननी छापील कागद काढला. जनावर स्वतःच्या पायावर उभं राहतं. चालतं. हाकेला मान वळवतं. चारा तोंडात घेतं. खाली सही.

"यात नाडी कुठे आहे?"

उषाबेननी कागद पुन्हा वाचला. "नाडी नाही," त्या म्हणाल्या. "चालवून दाखवा. जे डोळ्यांनी पाहीन ते लिहीन."

महेश उंटाच्या पोटात शिरला. सगळे बाजूला झाले. उंट हलला नाही.

"महेश, चाल," टीचर म्हणाल्या.

आतून बारीक आवाज आला. "टीचर, मला असं नाही येत. योगेंद्र 'ए, कोण आहे तिकडे' म्हणतो तेव्हा मी चालतो. मान त्याच्या चौथ्या वाक्याला वळवतो. चारा शेवटी, चेअरमन झाल्यावर."

"मग?"

"मग सगळं करावं लागेल."

तर असं 'उंट आला सोसायटीत'चं पहिलं जाहीर सादरीकरण कोंडवाड्यात झालं. प्रेक्षकांत डॉक्टर होत्या, क्लार्क होता, मोकाट जनावरं पकडणारी ती चार माणसं होती आणि आपापल्या गाई सोडवायला आलेले सहा-सात भरवाड गवळी काठ्या टेकून उभे होते. अकरांपैकी तीनच मुलं हजर होती, म्हणून गळक्या नळाच्या बाईचं काम दिपालीने केलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम, दुसरं कोणीच नसल्यामुळे, अपर्णा टीचरनी केलं. त्यांना सगळ्यांची वाक्यं पाठ होती. त्या ती पाढे म्हटल्यासारखी म्हणत होत्या.

"ए, कोण आहे तिकडे," योगेंद्रने विचारलं, आणि गोठ्यातली सगळी जनावरं त्याच्याकडे बघायला लागली.

उंट चालला. त्याच्या मागून तांबडी गायही चालली. उंट थांबला की ती थांबे आणि वशिंडाला तोंड लावी. योगेंद्र काही क्षण गडबडला. मग वॉचमनच्या आवाजातच म्हणाला, "एकटा आलास ते आलास, बायको पण घेऊन आलास का? सोसायटीत पाहुण्यांची नोंद करावी लागते."

भरवाड हसले. चौघांपैकी एक तर खालीच बसला. योगेंद्रच्या बोलण्यावर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं, आणि तो तिथून जो सुटला तो थांबेना. त्याने गाईला ओळखपत्र विचारलं. बैलाला पार्किंगवरून झापलं. गळता नळ बंद कर म्हणून उंटाने ओठ लोंबवला तेव्हा एक म्हातारा भरवाड उठला आणि कोपऱ्यातला खराखुरा टपकणारा नळ घट्ट पिळून आला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. परत येऊन तो आपल्या जागी उभा राहिला आणि पुढे काय होतं ते बघू लागला.

सेक्रेटरीबाईंनी उंटाला चेअरमन जाहीर केलं. शेवटी महेशने आतून ओठाची दोरी ओढली आणि उषाबेननी पुढे केलेली चाऱ्याची पेंढी उंटाने तोंडात घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अपर्णा टीचरनी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं झाली होती.

उषाबेननी टेबलाशी बसून दाखला लिहिला. उभं राहतं. चालतं. मान वळवतं. चारा घेतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'स्वभाव विचारी.' मग त्यांनी बिल्ले मारायचा चिमटा घेऊन उंटाच्या कापडी कानात पिवळा बिल्ला ठोकला. बिल्ल्यावर बारा आकडे होते. मालक कोण म्हणून प्रशांत बोरसेने विचारलं तेव्हा बन्सीलाल म्हणाले माझं नाव नको, टीचर म्हणाल्या शाळेचं नको, मुलं अठरा वर्षांची नव्हती. त्यामुळे सरकारी कागदात तो उंट अपर्णा मंदार साठे यांचा झाला. त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला हे सांगितलं. मंदार बँकेत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "जॉइंट नावावर आहे का?"

शुक्रवारी महोत्सव झाला. बाकीच्या शाळांचे थेंब, ढग आणि नद्या येऊन गेल्या. मग उंट आला. टीचरनी योगेंद्रला बजावलं होतं की लिहिलंय तेवढंच बोल. तो पहिली सहा मिनिटं लिहिलेलं बोलला. मग समोर कोणीतरी हसलं. त्याने परीक्षकांना ओळखपत्र विचारलं, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना पार्किंगवरून झापलं, आणि टीचर विंगेतून घड्याळ दाखवत असताना त्यांनाही विचारलं, "काय मॅडम, कितव्या मजल्यावर जायचंय?" नाटक एकोणीस मिनिटं चाललं. नाटकाच्या विभागात शाळा बाद झाली.

चित्र-शिल्पाच्या विभागात मात्र परीक्षक बाई उंटापाशी बराच वेळ थांबल्या. त्यांनी पापण्या पाहिल्या, ओठाची दोरी ओढून पाहिली आणि मग कानाकडे बोट दाखवलं.

"हे फार सुंदर सुचलंय," त्या म्हणाल्या. "हा बिल्ला. आकडेसुद्धा किती खरे वाटतात."

टीचर काही बोलणार एवढ्यात दिपाली पुढे झाली. "तो बिल्ला मी नाही केला. तो डॉक्टरांनी मारलाय. सगळं विद्यार्थ्यांनीच केलेलं पाहिजे असं लिहिलंय, म्हणून सांगते." आणि तिने दप्तरातून दाखला काढून दिला.

परीक्षक बाईंनी दाखला वाचला. परत वाचला. मग दुसऱ्या परीक्षकांना बोलावून वाचायला दिला. दोघांनी उंटाकडे पाहिलं आणि उंटाने, कारण महेश अजून आतच होता, त्यांच्याकडे मान वळवली.

शाळेला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही याचं कारण लिहून आलं होतं, 'वशिंड डावीकडे झुकलेले.' दिपालीला ते मान्य होतं.

शनिवारी सकाळी रात्रपाळी संपवून दिपालीचे वडील थेट शाळेत आले. महोत्सवाला त्यांना येता आलं नव्हतं. उंट व्हरांड्यात उभा होता, कारण आत नेण्यासाठी त्याची मान काढायला कोणालाच धीर होत नव्हता. वडिलांनी हातातला डबा खाली ठेवला आणि उंटाभोवती एक फेरी मारली. बाजारात जनावर बघतात तसे गुडघे बघितले, दात बघितले, पाठीवर थाप मारली. स्वतः आणलेला कपडा त्यांनी चिमटीत धरून पाहिला. दिपाली नखं खात बाजूला उभी होती.

"चावस का?" उंटाच्या दातांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"नही," दिपाली म्हणाली. "गरीब शे."

त्यांनी मान डोलवली आणि मोबाईल तिच्या हातात देऊन उंटाशेजारी फोटोला उभे राहिले.